घराला रंग काढताना: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की दसरा-दिवाळीच्या आधी घरात रंगकाम काढणार असाल तर नेमकं काय अडतंय ते लिहून पाठवा. पत्रं खूप आली, आणि बऱ्याच जणांनी पहिलाच प्रश्न विचारलाय की कुठल्या कंपनीचा रंग चांगला. त्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा घ्या, रंग सहसा फसत नाही, भिंत फसवते. आपल्याकडे रंग "काढला" असंच म्हणतात बघा, आणि माझ्या लेखी त्यातलं पाऊण काम खरंच काढण्याचंच आहे, जुने पोपडे काढा, चिकटपणा काढा, ओल काढा, आणि मग डबा उघडा. माझे वडील रंगारी होते, मी स्वतः बावीस वर्षं हेच करतोय, आणि वाईट झालेलं प्रत्येक काम आठवलं तर घाई त्या आधीच्या टप्प्यातच झालेली असते.

प्रश्न: आमचं नाशिकला तळमजल्याचं रो-हाउस आहे. हॉलची एक भिंत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत दर पावसाळ्यानंतर फुगते, पांढरा भुगा पडतो आणि पोपडे सुटतात. पाच वर्षांत तीनदा रंग दिला, शेवटच्या वेळी महागातला वॉटरप्रूफ रंग घेतला तरी तेच. आता काय करू?

ताई, चौथ्यांदा रंग देऊ नका, हे आधी. तो पांढरा भुगा म्हणजे खार. विटांमधले, सिमेंटमधले, जमिनीतले क्षार पाण्यात विरघळतात, ते पाणी भिंतीतून वर चढतं, पृष्ठभागाशी येऊन सुकतं आणि क्षार तिथेच राहतात, त्यांचे खडे बनतात आणि ते खडे वाढताना पुट्टीला मागून ढकलतात. म्हणजे रंग बाहेरून खराब होत नाहीये, आतून लोटला जातोय, म्हणून तुम्ही वरून कितीही भारी रंग लावा, तो पोपड्यासकट खाली येणार. वॉटरप्रूफ रंगाने तर कधी कधी अजून वाईट होतं कारण पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं, तुमची अडीच फुटांची रेघ साडेतीनवर गेली असेल तर मला नवल वाटणार नाही.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बाहेरच्या बाजूला भिंतीला लागून माती किंवा कुंड्यांचा वाफा आहे का? पावसाचं पाणी भिंतीशी साठतं का? पलीकडे बाथरूम आहे का, नळाचा पाइप त्याच भिंतीतून गेलाय का? एक सोपी तपासणी करा, फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने नीट चिकटवा आणि चोवीस तासांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतला दमटपणा आहे, त्याला खिडक्या उघड्या ठेवणं आणि कपडे घरात वाळत न घालणं हाच उपाय.

तुमच्याकडे भिंतीतूनच असणार असं वर्णनावरून वाटतं. मग बाहेरची माती जोत्याच्या खाली घ्या, पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार करून घ्या, आणि आत ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर उतरवून टाका. हो, प्लास्टर, नुसती पुट्टी नाही. विटा उघड्या झाल्या की कोरड्या ब्रशने खार झाडा, पाण्याने धुऊ नका कारण धुतलं की क्षार परत आत जातात. आणि मग थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. भिंत वाळायला इंचाला महिना असा जुना हिशेब आहे, नऊ इंची भिंत असेल तर तुमची तुम्हीच मोजा. एवढं थांबणं कुणालाच शक्य नसतं हे मला कळतं, पण निदान यंदाच्या दिवाळीला त्या भिंतीला हात लावू नका, बाकीचा हॉल रंगवा, ती भिंत उघडी राहू दे, पाहुणे काही म्हणत नाहीत. उन्हाळा येऊ द्या, मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेलं प्लास्टर करून घ्या, आणि त्यावर एक पावसाळा काढून मग पुट्टी-रंग करा.

ज्यांच्या छतावर किंवा भिंतीच्या वरच्या भागात ओल येते अशांचीही पत्रं आहेत, त्यांनाही हेच, आधी गळती. सोसायटीत असाल तर लक्षात ठेवा, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येणारं पाणी ही आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीची जबाबदारी आहे, वरच्या घरातल्या टॉयलेट किंवा सिंकमधून येत असेल तर त्या सभासदाची. लेखी अर्ज द्या, भिंतीचे फोटो जोडा, आणि ते काम झाल्याशिवाय आतून रंग देऊ नका.

प्रश्न: मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येतेय, सातवा महिना लागलाय. तिची खोली रंगवून घ्यावी असं आमच्या मनात आहे. दरवाजे-खिडक्यांना फार जुना ऑइल पेंट आहे, घर १९९२ चं. वासाचा त्रास होईल का एवढंच विचारायचं होतं.

काका, बरं झालं विचारलंत. वासाचं नंतर बोलू, मला काळजी त्या जुन्या ऑइल पेंटची आहे. पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं, रंग चटकदार दिसावा आणि लवकर वाळावा म्हणून घालायचे. आपल्या देशात घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांहून जास्त नको, हा केंद्राचा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे तुमच्या दरवाजांवर एकावर एक जे थर आहेत ते सगळे त्याच्या आधीचे असणार. नुसते अंगावर असताना ते काही करत नाहीत, पण पॉलिश पेपरने कोरडे घासले की जी बारीक धूळ उडते ती श्वासातून आणि हाताला लागून तोंडात जाते, आणि पोटातल्या बाळाला आणि रांगणाऱ्या मुलाला शिशाचा धोका सगळ्यात जास्त. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये पण सौम्य करूनही लिहिणार नाही.

म्हणून मुलगी घरात नसताना काम करा. आली असेल तर तिला पंधरा दिवस मावशीकडे, काकूकडे पाठवा. दरवाजांचा रंग चांगला धरून बसलेला असेल, कुठे सुटलेला नसेल, तर तो खरवडूच नका, साबणाच्या पाण्याने धुवा, पाण्यात चालणारा काळा घासकागद मिळतो त्याने ओला ठेवून हलकं घासा म्हणजे नवा रंग धरेल, आणि वरून रंग द्या. ज्या ठिकाणी पोपडे सुटलेत तिथेही पाणी शिंपडून ओलं करूनच काढा. जाळून रंग काढणारे कारागीर असतात, त्यांना स्पष्ट नको म्हणा, त्याचा धूर फार वाईट. खाली प्लास्टिक अंथरा, ते गुंडाळून पिशवीत बांधून टाका, आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, दोनदा, दुसऱ्या वेळी पाणी बदलून. खिडकीच्या खाचा विसरू नका, सगळी धूळ तिथे जाऊन बसते आणि लहान मुलं तिथेच हात घालतात.

आता वास. भिंतींना पाण्यातला इमल्शन घ्या, कमी वासाचे म्हणून जे येतात ते घेतलेत तर उत्तम. दरवाजांनाही पाण्यावर चालणारा इनॅमल हल्ली मिळतो, टर्पेंटाइनची गरजच पडत नाही, दुकानात तसं मागून घ्या. काम संपल्यावर खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून निदान दोन आठवडे खोली तशीच राहू द्या. तुमच्याकडे वेळ आहे, आजच सुरू केलंत तर आठव्या महिन्यापर्यंत खोली तयार होते. आणि पाळण्याला जुना रंग असेल तर तोही बघा, बाळ दात येताना कठडा चावतं.

प्रश्न: डोंबिवलीत वन बीएचके, आम्ही चौघं, घरात राहूनच रंग करायचाय. कंत्राटदार म्हणतो मटेरियलसकट द्या, सासरे म्हणतात मजुरीवर द्या आणि सामान आपण आणू. मोजमाप कसं करायचं तेही कळत नाही.

मोजमापापासून सुरू करू. रंगारी ब्रासमध्ये बोलतात, एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. समजा खोली दहा बाय बारा आणि उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी चव्वेचाळीस फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. छत १२०. दरवाजा सात बाय तीन म्हणजे २१ आणि खिडकी चार बाय चार म्हणजे १६, हे वजा करा. राहिले ५०१, म्हणजे पाच ब्रास. काही कंत्राटदार दारं-खिडक्या वजा करत नाहीत, कडा-कोपऱ्यांची मेहनत त्यात धरतात, त्यात चूक काही नाही पण कुठला हिशेब धरलाय ते आधी ठरवून कागदावर लिहून घ्या. रंग किती लागेल तर मी एका लिटरला एका हाताचे, म्हणजे एका थराचे, १०० ते १२० चौरस फूट धरतो. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं पण ते अगदी गुळगुळीत भिंतीवरचं, आपल्या भिंती पितात. या खोलीच्या भिंती ३८१ चौरस फूट, दोन हात म्हणजे ७६२, म्हणजे सात लिटर, चार-चार लिटरचे दोन डबे घ्या, एकाच बॅचचे बघून घ्या आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत दोन्ही एकत्र करा नाहीतर एका भिंतीवर सावली वेगळी दिसते. मशीनवर बनवलेला शेड दुकानदार परत घेत नाही, म्हणून हिशेब जपून.

मटेरियलसकट की मजुरीवर, इथे मी सासऱ्यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, घरात कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं. सामान तुमचं असलं की डबा तुमच्या समोर उघडतो आणि त्यात पाणी किती घातलं ते दिसतं. पाणी घालावं लागतंच, किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं मापाने घालायला सांगा. कोणीच घरी नसणार असेल तर मटेरियलसकट द्या, पण कंपनीचं नाव, रंगाचा प्रकार, पुट्टीचे किती हात, प्रायमरचे म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे किती, रंगाचे किती, हे लिहून घ्या. "पुट्टी मारून देतो" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, नुसती जिथे खड्डा आहे तिथे टचअप करणं आणि पूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात भरणं यात पैशाचा खूप फरक असतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता सगळं आवरून, फरशीवरचे थेंब काढून झाल्यावर.

पुट्टी घासून झाली की एक काम स्वतः करा. संध्याकाळी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी टेकवून आडवा धरा. उजेड भिंतीवरून घसरत जातो आणि प्रत्येक उंचवटा, पुट्टी ओढायच्या पत्र्याची प्रत्येक रेघ सावली टाकते, दिवसा जी भिंत आरशासारखी वाटली ती तुम्हाला नांगरलेल्या शेतासारखी दिसेल. पेन्सिलने गोल करून ठेवा, सकाळी कारागिराला दाखवा. चांगला कारागीर रागावत नाही, माझे वडील तर बल्ब लावलेली लांब वायर घेऊन स्वतःच फिरायचे.

घरात राहून करायचं तर आधी बेडरूम, सगळं सामान हॉलमध्ये, मग उलट, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी आणि ते दोन दिवसांत उरकायचं ठरवून. दोन माणसं असतील तर सगळं मिळून आठवडाभर धरा. प्रत्येक खोलीत क्रम छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या. बोर्डांजवळ ओलं काम असताना मेन स्विच बंद. आणि माणसं आत्ताच ठरवा, कारण बरेच कारागीर दिवाळी-छठला गावी जातात आणि शेवटच्या आठवड्यात जे काम होतं ते पुट्टी ओली असतानाच रंग मारून होतं. पाऊस रेंगाळला असेल तर दोन दिवस पुढे ढकला पण ओल्या हवेत ऑइल पेंट देऊ नका, चिकट राहतो.

प्रश्न: दिवाणाच्या मागे भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग आहेत आणि देवघराच्या वर काजळी. मागच्या वेळी त्यावर दोन हात मारले तरी महिन्याभरात पिवळे-काळे वर आले.

येणारच, तेल पाण्यातल्या रंगातून वर येतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून (हातमोजे घालून) डाग धुवा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मग फक्त तेवढ्या भागाला ऑइल बेस प्रायमरचा एक हात, तो पूर्ण वाळल्यावर वरून नेहमीचा इमल्शन. स्वयंपाकघरात शेगडीच्या मागेही हेच करा, तिथे बोट फिरवून चिकट लागलं तर रंग धरणार नाही हे नक्की.

प्रश्न: कुडाळजवळ आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आहे, आतून चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी चुना लावायची पद्धत. आता मुंबईहून आम्ही वर्षातून दोनदा जातो, चुना दरवर्षी कोण लावणार, म्हणून एकदाच पुट्टी मारून प्लास्टिक पेंट द्यावा असं चाललंय. भाऊ नको म्हणतो.

तुमचा भाऊ बरोबर आहे आणि मी अगदी मनापासून सांगतो, ते करू नका. तुमचा चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, कोकणातल्या पावसात तो पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो, चुन्याचा गिलावा आणि वरचा चुना त्याला सोडू देतात. तुम्ही वरून सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवलात की ती वाट बंद. शिवाय इतक्या वर्षांचे चुन्याचे थर हात फिरवला तरी पांढरे लागतात, अशा भुगा सुटणाऱ्या थरावर पुट्टी कशाला धरून बसणार, एका पावसात पत्र्यासारखी सुटून येईल. मी असं एक घर बघितलंय, मालकाने हौसेने गुळगुळीत करून घेतलं आणि पुढच्या गणपतीला मखराच्या मागची सगळी भिंत पोटासारखी फुगलेली.

चुनाच लावा, आणि दरवर्षी नाही जमलं तर दोन-तीन वर्षांनी लावा पण नीट लावा. सुटे पोपडे ताठ ब्रशने झाडा. कळीचा चुना पिंपात भिजवताना पाणी उकळतं, उडतं, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा. एक-दोन दिवस मुरू द्या, फडक्याने गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने ओली करून घ्या आणि पातळ, दुधासारखा हात मारा. लावताना काहीच लागलं नाही असं वाटतं, खालचं सगळं दिसत असतं, आणि लोक इथेच घाबरून दाट करतात. थांबा. वाळता वाळता तो पांढरा होत जातो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना परत दगड होतो, भिंतीचाच भाग होतो. दाट मारलेला तडकतो आणि कपड्यांना लागतो. असे तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. मे महिन्यात सुट्टीला जाल तेव्हा भावाबरोबर चार दिवसांत होतं. रंग हवाच असेल तर चुन्यात चालणारी पिवळी माती किंवा गेरू घाला, फार सुंदर दिसतं.

प्रश्न: बेडरूममध्ये उजेड कमी आहे, कुठला शेड घेऊ?

शेड कार्डावरून ठरवू नका, एवढ्याशा चौकोनातला रंग आख्ख्या भिंतीवर गेला की गडद वाटतो. दोन-तीन शेडचे छोटे डबे आणा, दोन बाय दोन फुटांचे पॅच मारा, वाळू द्या आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा. छत पांढरंच ठेवा. भिंत उंचसखल असेल तर चमकणारा रंग टाळा, मॅट घ्या.

प्रश्न: पुण्यात भाड्याने राहतो, घरमालकीण रंगाचे पैसे द्यायला तयार आहेत पण मजुरीचे नाही, म्हणून मी आणि रूममेट स्वतः एक खोली रंगवणार आहोत. जमेल का?

जमेल, नक्की जमेल, आणि मला फार आवडलं. घाई मात्र करू नका, दोन शनिवार-रविवार धरा. पहिल्या शनिवारी फक्त साफसफाई. खिळ्यांची भोकं तयार अॅक्रिलिक पुट्टीने भरा, वाळल्यावर घासा, नाका-तोंडावर मास्क बांधा. मग ओल्या फडक्याने धूळ पुसा, भिंतीला हात फिरवून तळवा बघा, पांढरा झाला तर अजून पुसायचंय. रविवारी प्रायमर, तोही सगळीकडे, कारण नुसत्या पुट्टीच्या ठिपक्यांवर रंग वेगळा दिसतो.

पुढच्या शनिवारी रंग. आधी कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशने काढा आणि ती कड ओली असतानाच रोलर सुरू करा, म्हणून एकाने ब्रश आणि एकाने रोलर असं बरोबर चाला, आख्ख्या खोलीच्या कडा एकदम काढून ठेवलात तर त्या चौकटीसारख्या दिसत राहतात. रोलर पूर्ण बुडवू नका, ट्रेमध्ये फिरवून जास्तीचा रंग काढा, भिंतीवर पसरवा आणि शेवटचा हात नेहमी वरून खाली एकाच दिशेने, दाब न देता. चरचर आवाज यायला लागला की रोलर कोरडा पडलाय, दाबू नका, परत रंग घ्या. अर्ध्या भिंतीवर चहाला थांबू नका, भिंत संपवूनच थांबा. अर्धवट वाळलेल्या जागी परत जाऊन खुपसत बसू नका, तिथेच सगळ्यात जास्त डाग पडतात, दुसऱ्या हातात ते आपोआप झाकलं जातं. दुसरा हात रविवारी.

कडांना मास्किंग टेप, म्हणजे कागदी चिकटपट्टी, लावली असेल तर ती रंग पूर्ण वाळायच्या आधी ओढा, तिरकी आणि सावकाश, नाहीतर रंगाची कड तिच्याबरोबर येते. रोलर लगेच पाण्याने धुवा. उरलेला रंग जॅमच्या काचेच्या बाटलीत गच्च झाकून ठेवा, वर शेडचा नंबर आणि तारीख लिहा, आणि खोली सोडताना ती बाटली घरमालकिणीच्या हातात द्या.